साखर कमी केलीय, हे सोलापुरात चारचौघांना कसं सांगायचं

बिनसाखरेच्या चहाची जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात. आजूबाजूच्या माणसांना मात्र त्याहून जास्त वेळ लागतो. सोलापुरात कुणाच्याही घरी गेलं की आधी पाणी येतं आणि पाठोपाठ चहा. ‘नको’ म्हटलं तर ‘अर्धा तरी घ्या की ओ’, आणि ‘साखर नको’ म्हटलं की क्षणभर सगळे तोंडाकडे बघतात. मग प्रश्न सुरू होतात. शुगर निघाली का? डॉक्टरांनी सांगितलं का? मग आता जगायचं कशावर? विचारणाऱ्यांत खरी काळजी असलेले असतात, गंमत करणारे असतात, आणि मनातून ‘आपणही करावं का’ असा विचार करणारेही असतात. तिघांना एकच उत्तर चालत नाही.

ज्यांनी नुकतीच साखर कमी केलीय, किंवा या सोमवारपासून करायची ठरवलीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. खाण्यात काय बदल करावा यावर भरपूर सांगितलं जातं. तो बदल माणसांत राहून, नाती न दुखावता कसा समजावून सांगायचा, यावर फारसं कुणी बोलत नाही. आणि बहुतेकांची गाडी अडते ती इथंच.

१. आधी स्वतःचं एक वाक्य पक्कं करा

आपण नेमकं काय बदललंय हे तुम्हाला एका दमात सांगता आलं पाहिजे. ‘मी डाएट करतोय’ हे वाक्य कामाचं नाही. त्यातून समोरच्याला काही कळत नाही, आणि डाएट म्हणजे उपाशी राहणं असाच अर्थ बहुतेक जण घेतात. त्यापेक्षा असं सांगा: ‘चहात साखर घेत नाही, बाटलीतलं थंड पीत नाही, गोड सणालाच खातो.’ ऐकणाऱ्याला लगेच समजतं की हा माणूस जेवतोय, चहा पितोय, सणही करतोय.

‘आयुष्यभर साखरेला हात लावणार नाही’ असं जाहीर करू नका. तसं केलंत की संक्रांतीला तीळगूळ घेतला तरी ‘काय बे, सोडली होतीस ना?’ असं कुणीतरी म्हणणारच. ‘कमी केलीय’ म्हणा. ते खरंही असतं.

त्यासोबत कारणही एकच ठेवा, आणि ते स्वतःचं असू द्या. ‘वडिलांना शुगर होती, मला होऊ नये म्हणून बघतोय.’ ‘तपासणीत आकडा काठावर आला.’ ‘वजन वाढलं, गुडघे दुखायला लागले.’ अशा कारणाशी सहसा कुणी वाद घालत नाही. ‘साखर म्हणजे विष’ म्हणालात की वाद पक्का, कारण समोरच्याच्या हातात त्याच क्षणी चहाचा कप असतो.

इथं एक नाजूक गोष्ट आहे, ती सांगितलीच पाहिजे. लग्नाच्या वयाची मुलगी साखर नको म्हणाली की घरची माणसं घाबरतात. ‘लोक म्हणतील हिला शुगर आहे’ ही धास्ती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. आईला स्पष्ट सांगा की तपासणी केली, आकडा चांगला आहे आणि तो तसाच राहावा म्हणून हे चाललंय. शक्य असेल तर रिपोर्ट दाखवा. बाहेर कुणी विचारलं तर ‘होऊ नये म्हणून’ एवढं पुरे. आणि ज्याला खरोखर मधुमेह आहे, त्यानं तो सांगायचा की नाही हा सर्वस्वी त्याचा प्रश्न. ‘साखर कमी घेतो’ म्हणणारा माणूस आपला रिपोर्ट गावाला दाखवायला बांधील नसतो.

२. पहिल्यांदा स्वयंपाकघरात सांगा

मित्रांना, ऑफिसात, ग्रुपवर नंतर सांगा. घरात जी व्यक्ती रोज चहा टाकते, तिला सगळ्यात आधी सांगायचं. आपल्याकडे चहा टाकताना साखर पातेल्यातच पडते. पाणी, साखर, आलं, पत्ती, मग दूध, आणि उकळी. त्यामुळे तुमची ‘बिनसाखर’ म्हणजे तिच्यासाठी दुसरं पातेलं, दुसरी गाळणी आणि रोजचं जास्तीचं काम. आई किंवा बायको चिडली तर ती तुमच्या तब्येतीवर चिडलेली नसते, ती या वाढीव कामावर चिडलेली असते.

तोडगा सोपा आहे. चहा साखरेशिवाय उकळायचा, तुमचा कप आधी गाळून घ्यायचा, आणि मग उरलेल्यात साखर घालून पुन्हा एक उकळी द्यायची. पातेलं एकच लागतं. पहिले काही दिवस हा चहा तुम्ही स्वतः टाका, सगळ्यांचा टाका. या एका कृतीनं जेवढं समजावून होतं तेवढं तासभर बोलूनही होत नाही.

जेवणाचंही तसंच. माझ्या मते घरात वेगळा स्वयंपाक मागणं ही पहिली महिनाभर तरी टाळायची गोष्ट. आपलं रोजचं जेवण मुळात चांगलं आहे: ज्वारीची भाकरी, डाळ किंवा पिठलं, मेथी-शेपूसारखी पालेभाजी, शेंगाचटणी, कांदा, ताक. तेच खा. भाजी दुप्पट घ्या, भात अर्धा करा आणि रात्री जरा लवकर जेवा. घरात कुणाला वेगळं काही करावं लागलं नाही, की विरोधाचं निम्मं कारण तिथंच संपतं.

सासूबाई, आजी, मावशी यांच्याबाबत थोडा धीर धरा. त्यांच्यासाठी गोड वाढणं म्हणजे माया. ‘मला नको’ हे त्यांना ‘तुमची माया नको’ असं ऐकू येतं. त्यामुळे नकारासोबत काहीतरी मागा. ‘आजी, लाडू राहू दे, तुझ्या हातचं धपाटं दे की.’ ‘कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे का?’ वाढायचं समाधान त्यांना मिळतं, आणि तुमचंही पोट भरतं.

३. आकडे मोजके ठेवा, पण पक्के ठेवा

ज्याला खरंच जाणून घ्यायचंय, तो ‘का’ म्हणून विचारेल. त्याला देण्यापुरते चार आकडे लक्षात ठेवा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसभरातल्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी हवी, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी बरं. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी ही मर्यादा ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम होते. गूळ, मध आणि फळांचा रस या हिशोबात धरतात. अख्खं फळ आणि दुधातली मुळातली साखर धरत नाहीत.

आता चहाकडे बघू. सपाट चमचाभर साखर ४ ते ५ ग्रॅम भरते. कपाला दोन चमचे आणि दिवसाला पाच कप धरले तर ४० ते ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातच गेली. बिस्किटं, थंड पेयं, मिठाई अजून बाकी आहेत. २५० मिलीच्या थंड पेयाच्या बाटलीत २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. उन्हाळ्यात रसवंतीवर घेतलेला मोठा ग्लास त्याच्याही पुढे जातो.

शंका घेणाऱ्याला पटवायचा माझा आवडता मार्ग म्हणजे किराणा यादी. त्याला त्याच्याच घरची यादी काढायला सांगा. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ किलो साखर येत असेल, तर माणशी रोजची साधारण ४२ ग्रॅम झाली. यात गूळ नाही, बेकरीचं नाही, बाहेरचा चहा नाही. हा हिशोब त्यानं स्वतः केलेला असतो, म्हणून त्याला पटतो. तुमचा आकडा तो खोडू शकतो, स्वतःच्या वाण्याची यादी कशी खोडणार?

देशाचं चित्र विचारलं तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळावर झालेल्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले आहेत. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा दुसरा आकडा सांगताना थोडं थांबा. उंबरठ्यावरच्या माणसाला बहुधा काहीच त्रास होत नसतो. म्हणून त्याला वाटतं की हे आपल्याबद्दल नाही.

४. नेहमीचे प्रश्न आणि त्यांची खरी उत्तरं

प्रश्न तेच ते येतात. उत्तर देताना एक पथ्य पाळा: समोरच्याच्या बोलण्यात जेवढं खरं आहे तेवढं आधी मान्य करा. ते मान्य न करता सुरू केलेलं उत्तर कुणी ऐकून घेत नाही.

‘साखर खाल्ल्यानं शुगर होत नाही, ते आनुवंशिक असतं.’ यातलं निम्मं बरोबर आहे. आपल्याकडे सर्वाधिक आढळणाऱ्या मधुमेहात आनुवंशिकता मोठी असते. पोटावरची चरबी, बसून काम, अपुरी झोप हेही असतं. एकट्या साखरेवर सगळा दोष टाकू नका. पण जास्तीची साखर वजन वाढवते, वजन मधुमेहाला वाट करून देतं, आणि गोड पेयं रोज पिण्याचा मधुमेहाशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. आईवडील बदलता येत नाहीत. चहा बदलता येतो.

‘मग गूळ घे की.’ सोलापुरात हे शंभरात नव्वद जण म्हणतील. गुळात थोडी खनिजं असतात, चवही वेगळी असते, हे मान्य. पण गुळाचाही बहुतांश भाग साखरच आहे आणि कॅलरी जवळपास तेवढ्याच. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. गुळाचा चहा आवडत असेल तर जरूर प्या, पण तो साखरेच्याच खात्यात मांडा.

‘आमचे आजोबा गूळ-तूप-पोळी खाऊन नव्वद वर्षं जगले.’ याला कधीही उलट बोलू नका. आजोबांबद्दल आदरानंच बोला. मग विचारा की आजोबा शेतावर चालत जायचे की गाडीवर? दिवसभर काय काम करायचे? गोड रोज होतं की सणाला? थंड पेयाची बाटली घरात होती का? बहुतेक वेळा उत्तरं देता देता समोरचाच थांबतो. त्यांच्या ताटात गोड होतं, आणि अंगात ते जिरवणारं कष्टाचं कामही होतं. आपल्या ताटातलं गोड वाढलं आणि काम खुर्चीवर आलं.

‘भाकरी खाल्ली की काही होत नाही, ज्वारी थंड असते.’ हा आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाचा विषय आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिची भाकरी खाल्लेल्याला दुसरी आवडत नाही. मीही रोज तीच खातो. तरी खरं ते सांगावं लागतं. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू (फायबर) असतात आणि पिष्टमय भाग ६७-६८ ग्रॅम असतो. कोंड्यासकट दळलेल्या गव्हातही तंतू जवळपास तेवढेच असतात. पॉलिश केलेल्या तांदळात मात्र ते तीनच्या आत येतात. म्हणजे भातापेक्षा भाकरी नक्कीच बरी, पण चार भाकरी खाऊन ‘ज्वारी आहे, चालतं’ म्हणणं चुकीचं. भाकरीचा खरा फायदा तिच्यासोबत येणाऱ्या डाळीत आणि भाजीत आहे. या सगळ्याबरोबर ती सावकाश चावून खावी लागते, पोट लवकर भरतं आणि भूक उशिरा लागते.

‘फळातही साखर असते, मग डाळिंब कसं खातोस?’ चांगला प्रश्न आहे, विचारणाऱ्याचं कौतुक करा. अख्ख्या फळात साखरेसोबत तंतू आणि पाणी असतं, ते चावावं लागतं, एका वेळी एकापेक्षा जास्त खाल्लं जात नाही. रस काढला की तीन-चार फळं दोन मिनिटांत पोटात जातात आणि तंतू गाळणीत राहतात. डाळिंब सोलून दाणे खा. रस नको.

‘ती साखरेची गोळी टाक ना चहात.’ जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा कृत्रिम गोडव्यांवर विसंबू नये. आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी हा सल्ला नव्हता, त्यांनी डॉक्टरांना विचारावं. मला विचाराल तर जिभेला गोडाची सवय कमी करायची असेल, तर गोळीनं ती सवय तशीच राहते.

‘किती वाळलास रे! आजारी दिसतोस.’ हे वाक्य वजन उतरायला लागलं की येतंच, आणि आईच्या तोंडून आलं की माणूस डळमळतो. चिडू नका. भूक, झोप, जिना चढताना लागणारा दम यांतला बदल सांगा. मात्र काही न करताच वजन झपाट्यानं उतरत असेल, सारखी तहान लागत असेल, रात्री लघवीला वारंवार उठावं लागत असेल, तर आई बरोबर आहे. आधी तपासणी करून घ्या.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. तो बाजारात नाही, मामाच्या ओट्यावर येतो. मामा माढ्याचे किंवा माळशिरसचे, उजनीच्या पाण्यावर पाच एकर ऊस. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉली उभी, आत मामीनं चहा आणला आणि तुम्ही म्हणालात, ‘बिनसाखरेचा चालेल.’ मामा म्हणतात, ‘आम्ही ऊस पिकवायचा आणि भाच्यानं साखर सोडायची? मग आमचं काय?’ हसत म्हणतात, पण आत काहीतरी लागलेलं असतं. ज्या पिकावर त्यांनी घर बांधलं, पोरांना शिकवलं, त्याचं जे होतं ते पाहुण्यानं कपातसुद्धा नको म्हणणं, हे त्यांच्या बाजूनं बघा.

इथं आकडे अजिबात काढू नका. ‘मामा, तुमच्या उसावरच आम्ही मोठे झालो. माझ्या अंगाला आता ती सोसत नाही, एवढंच.’ मग शेतात चला. उसाचं कांडं सोलून दिलं तर एक चावून खा आणि मजेत खा. मामाच्या शेतातलं एक कांडं तुमचा महिना बिघडवत नाही. महिना बिघडतो तो रोजच्या पाच कपांनी. आणि ऊस लावावा की नाही, हा पाण्याचा, भावाचा, कर्जाचा प्रश्न आहे. तो तुमच्या चहाच्या कपात आणू नका.

५. घराबाहेर: टपरी, कारखाना, पंगत, गड्डा

टपरीवर चहाचं पातेलं एकच असतं. चहावाल्याला ‘बिनसाखरेचा करा’ म्हटलं तर गर्दीच्या वेळी तो करणार नाही, आणि त्याचं चुकत नाही. रिकाम्या वेळी विचारा, किंवा तिथं उभे राहा, गप्पा मारा आणि चहा घेऊ नका. लोक चहासाठी कमी आणि सोबतीसाठी जास्त बोलावतात. सोबत सोडली नाही की चहा नाकारल्याचं कुणाला फारसं वाटत नाही.

यंत्रमागावर रात्रपाळी करणारा कामगार किंवा दिवसभर मांडी घालून विड्या वळणारी बाई यांना मात्र तुमचं वाक्य जसंच्या तसं सांगू नका. त्यांच्यासाठी गोड चहा आणि पाव हे कितीदा तरी एक वेळचं जेवण असतं, पाळी संपेपर्यंत तग धरायचा आधार असतो. त्यांनी विचारलं तर आधी काय वाढवता येईल ते सांगा. मूठभर फुटाणे, शेंगदाणे, डब्यात एक उकडलेलं अंडं किंवा उसळ. पोट भरलं की दोन चमच्यांचा एक चमचा करणं जमतं. पोट रिकामं असताना साखर काढून घ्यायला सांगणं मला योग्य वाटत नाही.

लग्नाच्या पंगतीत आग्रह हा रिवाज आहे. बुंदी, जिलेबी, कुणाकडे हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. पानावर हात आडवा धरून वाढप्याशी झटापट करण्यापेक्षा पहिल्याच फेरीला चमचाभर घ्या, पान गोडानं रिकामं ठेवू नका. रिकामी जागा दिसली की वाढपी थांबणार नाही. यजमान समोर आले की त्यांच्यासमोर त्यातला घास घ्या. मग मठ्ठा, भाजी, आमटीवर भर द्या. बुफे असेल तर काही सांगायचीच गरज नाही, कुणी बघत नाही.

जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा येते. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम, आणि होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा. त्यातच संक्रांत. या दिवसांत नियम कडक करू नका. तीळगूळ कुणी हातावर ठेवला तर घ्या आणि खा. घरची शेंगापोळी एक खा, तूप लावून खा. मात्र जी गोष्ट सणाची नाही ती सणाच्या नावावर खपवू नका. गड्ड्यावरची थंड पेयाची बाटली ही परंपरा नाही. हुरड्याला गेलात तर हुरडा, चटणी, दही पोटभर घ्या आणि गुळाचा खडा बाजूला ठेवा. चालणं तर यात्रेत आपोआप होतं. एरवी सिद्धेश्वर तलावाकाठी किंवा कंबर तलावाच्या बाजूला जेवणानंतर पंधरा मिनिटं फिरलात तरी जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते. त्या फेरीला शंका घेणाऱ्या मित्राला सोबत न्या. चालता चालता माणूस घरात बोलतो त्यापेक्षा मोकळं बोलतो.

आषाढीचा उपवास हा वेगळाच विषय. ‘आज तर गोड खाल्लंच नाही’ असं म्हणत दोन वेळा साबुदाण्याची खिचडी खाल्ली जाते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, तंतू आणि प्रथिनं नावाला. उपवास सोडायला कुणाला सांगू नका, तो श्रद्धेचा भाग आहे. तुम्ही तुमच्या ताटात साबुदाणा कमी आणि शेंगदाणे, दही, काकडी जास्त घ्या. मधुमेहाचं औषध चालू असलेल्यांनी वारीला किंवा उपवासाला जाण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. रमजानचे रोजे ठेवणाऱ्या मित्रांनाही हेच लागू आहे. इफ्तारला त्यांनी प्रेमानं सरबत पुढं केलं तर खजूर घ्या, पाणी घ्या, गप्पांना बसा.

६. साखर कधी द्यायचीच, हेही घरात सांगून ठेवा

‘याला साखर चालत नाही’ असं घरात पक्कं झालं की एक धोका तयार होतो. तो मी कुणालाही समजावताना आवर्जून सांगतो.

मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर कधीकधी फार खाली जाते. ७० च्या (मिग्रॅ/डेसिलिटर) खाली गेली की दरदरून घाम, हात थरथरणं, धडधड, एकदम भूक, बोलण्यात गोंधळ. त्या क्षणी साखर हेच औषध. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, बरं वाटलं नसेल तर पुन्हा द्यायचं, आणि मग काहीतरी खायला द्यायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. आणि म्हणूनच, औषध चालू असलेल्यानं जेवण किंवा साखर एकदम कमी करायची नाही. खाणं बदललं की औषधाचा डोसही बदलावा लागू शकतो, आणि ते काम डॉक्टरांचं आहे.

दुसरी गोष्ट आपल्या उन्हाळ्याची. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. उन्हात काम करून किंवा जुलाबानं अंगातलं पाणी गेलं तर क्षारसंजीवनी (ओआरएस) द्यावी लागते, आणि तिच्या पुड्यात ग्लुकोज असतं. ते तिथं मुद्दाम आहे, त्याच्यामुळे आतडी मीठ आणि पाणी शोषून घेतात. ‘मला साखर नको’ म्हणून ती नाकारायची नाही. एरवीच्या तहानेला पाणी, ताक, मीठ घातलेलं लिंबूपाणी पुरेसं आहे.

७. कुणी खरंच ‘मलाही सांग’ म्हणालं तर

हे होतं. जो सगळ्यात जास्त टिंगल करत होता, तोच एखाद्या संध्याकाळी बाजूला घेऊन विचारतो. त्याला त्याची जुनी वाक्यं ऐकवू नका. आणि तुमचं वेळापत्रकही त्याच्या हातात देऊ नका, कारण त्याचं वय, वजन, औषधं, काम सगळं वेगळं आहे.

आधी तपासणीला पाठवा, जमलं तर सोबत जा. उपाशीपोटीच्या तपासणीसाठी रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास काही खायचं नाही, पाणी चालतं. आकडा १०० च्या आत असेल तर चांगलं, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा पुढे असेल तर मधुमेहाची शक्यता आणि पुन्हा तपासून खात्री. एचबीए१सी नावाची तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, तिला उपाशी जावं लागत नाही. तिथं ५.७ टक्क्यांच्या आत ठीक, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. रक्त कमी असेल तर हा आकडा चुकू शकतो. आपल्या घरांतल्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं, त्यामुळे ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायची. एका रिपोर्टवर स्वतःच निकाल लावायचा नाही, आणि वैद्यकीय सल्ला देण्याचं काम तुम्हीही अंगावर घ्यायचं नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर पहिल्या भेटीत एकच बदल सुचवा. चहातली साखर अर्ध्या चमच्यानं कमी. दोन आठवडे तिथंच राहायचं, मग पुढचा अर्धा चमचा. एकदम बंद करणाऱ्यांपेक्षा असे हळूहळू उतरणारे जास्त टिकलेले मी बघितलेत. महिन्याभरानं त्याला विचारा की पूर्वीचा चहा पिऊन बघितलास का. बहुतेक जण सांगतात की आता तो फार गोड लागतो. त्यानंतर बिस्किटांचं बोला, मग रात्रीच्या भाताचं. आणि तपासणीला पुन्हा तीन महिन्यांनी जायचंय, ती तारीख त्याच्याच मोबाइलमध्ये त्याच्याच हातानं टाकून घ्या.